एका मस्तकात दोन अर्बुदे आणि कारणाचा प्रश्न

मेंदूत किंवा मेंदूच्या आवरणांत जिचा उगम होतो ती प्राथमिक गाठ. फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड अशा दुसऱ्या अवयवातला कर्करोग रक्तावाटे येऊन मेंदूत रुजला तर ती दुय्यम. दुय्यम गाठी एकाच मेंदूत चार-पाच सापडल्या तरी डॉक्टरांना नवल वाटत नाही, कारण त्या सगळ्यांचे मूळ एकच असते. प्राथमिक गाठ मात्र बहुतेक रुग्णांत एकटीच असते. क्वचित असे घडते की एकाच माणसाच्या डोक्यात, एकाच वेळी, दोन निराळ्या कुळांच्या प्राथमिक गाठी निघतात. सर्वांत जास्त नोंदली गेलेली जोडी मेनिंजिओमा आणि ग्लायोमा यांची. मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणातून उगवतो, बहुधा सौम्य असतो आणि वर्षानुवर्षे संथपणे वाढतो. ग्लायोमा मेंदूतल्या आधारपेशींच्या कुळातला. त्याचा सर्वांत घातक प्रकार म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे असे सगळे उपचार मिळूनही त्याचे निम्मे रुग्ण साधारण सव्वा वर्षापलीकडे जात नाहीत. मेनिंजिओमा आणि पिट्युटरी ग्रंथीची गाठ, श्वानोमा आणि मेनिंजिओमा अशाही जोड्या आढळतात.

अशा रुग्णासमोर दोन प्रश्न उभे राहतात. डॉक्टर विचारतात, या दोन्ही गाठींचे कारण एक की दोन? घरचे विचारतात, एकाच माणसाला दोन-दोन का? वरवर पाहता दोन्ही प्रश्न एकच वाटतात. पहिला वैद्यकाचा आहे आणि पुष्कळदा त्याचे उत्तर मिळते. दुसरा फार जुना असून धर्म, न्यायशास्त्र आणि लोकव्यवहार या तिन्हींनी त्याला हात घातला आहे. दोन्ही प्रश्नांची सरमिसळ झाली की वैद्यकही बिघडते आणि धर्मही.

आधी गाठींकडेच नीट पाहावे. एमआरआयच्या चित्रात मेनिंजिओमा कवटीच्या आतल्या बाजूला रुंद बुडाने चिकटलेला दिसतो. शिरेतून औषध दिल्यावर तो सगळा एकसारखा पांढरा उजळतो आणि त्याच्या कडेने आवरणाची बारीक शेपटी निघालेली असते. ग्लायोब्लास्टोमा मेंदूच्या गाभ्यात असतो. त्याचे वेडेवाकडे कडे उजळते, मधला मेलेला भाग काळा राहतो आणि भोवती सूज पसरलेली असते. दोन्ही गाठी एकमेकींपासून दूर असल्या तर त्या दुय्यम कर्करोगाच्या असाव्यात असा पहिला संशय येतो. एकमेकींना खेटून असल्या तर एकच मोठी गाठ समजून फसगत होते. खरा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली लागतो. काचेच्या एका बाजूला भोवऱ्यासारख्या वळशांत बसलेल्या पेशी दिसतात आणि त्यांच्यात चुन्याचे गोल, थरांवर थर असलेले कण. दुसऱ्या बाजूला वेड्यावाकड्या केंद्रकांची दाटी असते, मेलेल्या भागाभोवती पेशींची रांग लागलेली असते आणि रक्तवाहिन्या जाड झालेल्या असतात. आधारपेशींचे प्रथिन ओळखणारा रंग घातला की एक बाजू तपकिरी होते, दुसरी कोरी राहते. मधे सीमारेषा. अशा खेटलेल्या जोडीतला एकाच बाजूचा तुकडा तपासला गेला तर अहवाल खरा असूनही निदान अर्धेच होते.

कारण एक मानावे की दोन, या प्रश्नावर वैद्यकाची पहिली ओढ एकाकडे असते. चौदाव्या शतकातल्या विल्यम ऑफ ऑकम या इंग्रज संन्याशाच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की गरजेपेक्षा जास्त गोष्टी गृहीत धरू नयेत. न्यायशास्त्रात हेच तत्त्व लाघव या नावाने वावरते आणि त्याच्या उलट दोषाला गौरव म्हणतात. वैद्यकाच्या शिक्षणात त्याचे रूप असे: ताप, सांधेदुखी आणि अंगावर चट्टे एकदम आले तर तीन रोग शोधत बसू नका, तिन्हींना पुरणारा एक शोधा. तरुण रुग्णात हा सल्ला बहुधा लागू पडतो. म्हाताऱ्या माणसात तो वारंवार तोंडघशी पाडतो. विसाव्या शतकात इंडियाना विद्यापीठात शिकवणारे जॉन हिकम हे डॉक्टर या हट्टाला उत्तर म्हणून सांगत की रुग्णाला हवे तितके रोग होऊ शकतात. त्यांच्या नावाने हा प्रतिनियम आजही वॉर्डात सांगितला जातो.

या दोन नियमांची कुस्ती लावून देण्याची पद्धत आहे, पण ती उथळ आहे. नैयायिकांनी लाघवाची मर्यादा फार आधी ओळखली होती. दोन कल्पनांच्या बाजूने पुरावा समसमान असेल तेव्हाच हलकी कल्पना निवडावी. पुराव्यानेच जास्त कारणे मानायला लावली तर ते गौरव फलमुख ठरते आणि त्याला दोष मानत नाहीत. शिवाय हलके म्हणजे काय हेही ठरवावे लागते. एक अतिदुर्मीळ आनुवंशिक विकार मानणे हलके, की नेहमीचे दोन आजार योगायोगाने एकत्र आले असे मानणे हलके? कारणांची संख्या मोजली तर पहिले. कारणांची शक्यता तोलली तर पुष्कळदा दुसरे.

एकच कारण खरोखर असते अशी उदाहरणे आहेत आणि ती भक्कम आहेत. बाविसाव्या गुणसूत्रावर एनएफ२ नावाचे जनुक आहे. त्यातून तयार होणारे मर्लिन हे प्रथिन पेशींच्या वाढीला लगाम घालते. हे जनुक जन्मतःच बिघडलेले असेल तर दोन्ही कानांच्या नसांवर श्वानोमा येतात, आवरणात मेनिंजिओमा येतात, पाठीच्या कण्यात एपेंडायमोमा होतात. तीन निराळ्या कुळांच्या गाठी, दोष एक. साधारण निम्म्या रुग्णांत हा दोष आईवडिलांकडून आलेलाच नसतो, त्यांच्यात तो नव्याने उपजलेला असतो. घराण्यात कोणाला नव्हते, मग यालाच कसे, या प्रश्नाची सुरुवातच त्यामुळे चुकीच्या जागी होते. १९५९ मध्ये कॅनडातले शल्यविशारद जाक टुर्को यांनी एका भावाबहिणीची नोंद प्रसिद्ध केली. दोघांनाही मोठ्या आतड्यात असंख्य कोंब आणि केंद्रीय मज्जासंस्थेत घातक गाठ होती. टीपी५३ या जनुकातल्या जन्मजात दोषाने एकाच घरात, कधी एकाच देहात, निरनिराळ्या जागी कर्करोग होतात. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी अशा घराण्यांचे वर्णन १९६९ मध्ये केले, आणि जनुकाचा पत्ता १९९० मध्ये लागला.

जनुकाइतकेच ठाम दुसरे समान कारण म्हणजे किरणोत्सार. इथे इस्राएलमधला अनुभव सविस्तर पाहण्याजोगा आहे. १९४८ नंतरच्या काही वर्षांत उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून तिथे आलेल्या कुटुंबांतल्या हजारो मुलांच्या डोक्याला गजकर्ण झालेले होते. त्यावर गुणकारी गोळ्या अजून आल्या नव्हत्या. त्या काळची मान्य पद्धत अशी की डोक्यावर क्ष-किरण सोडून केस गळवायचे आणि मग मलम लावायचे. मेंदूला पोचणारी किरणांची मात्रा सरासरी दीड ग्रे (किरणमात्रेचे एकक) इतक्या आसपास होती. गजकर्ण बरे झाले. पुढे अशा १०,८३४ मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन, किरण न मिळालेल्या मुलांशी आणि त्यांच्या स्वतःच्या भावंडांशी तुलना करण्यात आली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मेनिंजिओमाचे प्रमाण साडेनऊ पटींच्या घरात, तर ग्लायोमाचे अडीच पटींहून जास्त निघाले. लहानपणी किरणोपचार झालेल्या माणसाच्या डोक्यात पुढे दोन जातींच्या गाठी निघाल्या तर त्यामागे एक कारण शोधणे रास्तच आहे.

चरकसंहितेच्या निदानस्थानात, शेवटच्या अध्यायात, रोगच दुसऱ्या रोगाचा हेतू होतो हा विषय आला आहे. काही रोग दुसऱ्याला जन्म देऊन स्वतः शमतात, काही दुसऱ्याला जन्म देऊनही टिकून राहतात. अशा मिश्रणाला तिथे व्याधिसंकर म्हटले आहे आणि त्याची दोन कारणे दिली आहेत: रोगांची परस्परांपासून उत्पत्ती, आणि अशुद्ध चिकित्सा, म्हणजे एक रोग शमवताना दुसरा उभा करणारी. इस्राएलमधली मुले या दुसऱ्या कारणाचे उदाहरण ठरावीत. चरकाला क्ष-किरण ठाऊक होते असा याचा अर्थ मुळीच नाही. दोन रोग एकत्र दिसले तर त्यांच्यामधले नाते आधी देहात आणि उपचारात शोधायचे, ही दृष्टी मात्र त्याच्याकडे होती. सुश्रुताने रोगांचे सात वर्ग केले. त्यात आईवडिलांच्या बीजातून येणारे, गर्भावस्थेत होणारे, आघाताने होणारे, ऋतुमानाने होणारे असे वर्ग आहेत आणि दैवबलाने होणारे हा एक स्वतंत्र वर्ग आहे. सातांपैकी एक. सगळे रोग दैवाच्या खात्यात टाकण्याची सोय या वर्गीकरणात नाही.

दोन गाठींपैकी एक दुसरीला चिथावत असेल, असाही तर्क मांडला गेला आहे. मेनिंजिओमाच्या दाबाने शेजारच्या आधारपेशी चाळवल्या जातात, किंवा एकीतून पाझरणारे वाढीचे घटक दुसरीला खतपाणी घालतात, अशी ती कल्पना. खेटलेल्या गाठींत ती शक्य वाटते. एक गाठ कपाळामागे आणि दुसरी मेंदूच्या मागल्या टोकाला असेल तर तिला फारसा अर्थ उरत नाही. सिद्ध काही झालेले नाही.

उरलेल्या रुग्णांत जनुकाचा दोष निघत नाही, किरणांचा इतिहास नसतो, गाठी एकमेकींपासून दूर असतात. वयस्क रुग्णांत बहुसंख्य जोड्या अशाच असतात आणि त्यांच्यासाठी थोडे गणित करावे लागते. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम इथे सर्वसामान्य लोकसंख्येतल्या २,००० माणसांचे एमआरआय काढले गेले. त्यांचे सरासरी वय ६३ होते आणि मेंदूच्या तक्रारीसाठी म्हणून कोणी आलेले नव्हते. २००७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा ०.९ टक्के लोकांत मेनिंजिओमा निघाला. ७५च्या पुढच्यांत हे प्रमाण दीड टक्क्याच्या वर गेले होते. त्या लोकांना आपल्या डोक्यात काही आहे याचा पत्ताही नव्हता. ग्लायोब्लास्टोमाचे बहुतेक रुग्ण याच वयाचे असतात. त्यामुळे दोन रोगांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसला, तरी ग्लायोब्लास्टोमाच्या दर हजार रुग्णांत नऊएक जणांच्या डोक्यात मेनिंजिओमा आधीपासून असणारच. तो निघाला म्हणून कोडे पडायचे कारण नाही. हजारात एकाच्याही डोक्यात निघाला नसता तर ते कोडे ठरले असते.

हेच गणित उलट बाजूने पाहिले की चित्र पालटते. ग्लायोब्लास्टोमा वर्षाला लाखात तिघांच्या आसपास होतो. विशीतल्या मुलाच्या डोक्यात दोन अशा जातींच्या गाठी निघाल्या ज्या त्या वयात जवळजवळ होतच नाहीत, तर योगायोग म्हणून हात झटकणे चूक ठरेल. तिथे जनुकाची तपासणी करायलाच हवी. योगायोग ही सबब कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे गाठींची जात, रुग्णाचे वय आणि त्या वयातले प्रमाण यांवरून ठरते. मनाला किती धक्का बसला यावरून नाही.

आणखी एक फसवणूक आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये दाखवले की दोन स्वतंत्र आजार रुग्णालयात मात्र एकमेकांशी जोडलेले भासतात. दोन आजारांचा माणूस रुग्णालयात पोचण्याची शक्यता एकाच आजाराच्या माणसापेक्षा जास्त असते, म्हणून रुग्णालयात जोड्या जास्त दिसतात. गावात त्या तितक्या नसतात. मेंदूच्या बाबतीत यात यंत्राची भर पडते. फिट आली म्हणून एमआरआय काढला, फिटेचे कारण असलेली गाठ सापडली, आणि त्याच चित्रात कोपऱ्यातली, आयुष्यभर कधीच त्रास न देणारी दुसरीही उघडी पडली. दोन गाठींचा रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात छापला जातो. एका गाठीचा छापला जात नाही.

योगायोग म्हटले की कारणच नाही असे समजले जाते आणि इथे तत्त्वज्ञानाची जुनी गाठ सुटायची राहते. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाचे कारण काय असावे याची यादी येते. तिच्यात काल, स्वभाव, नियती यांच्या जोडीला यदृच्छाही, म्हणजे आकस्मिकताही, आहे. न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात आकस्मिकवाद्यांचा पक्ष मांडून खोडला आहे. काट्याच्या टोकाला कोणी धार लावत नाही, तसेच पदार्थ निमित्तावाचून उपजतात, असे तो पक्ष म्हणे. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीच्या पहिल्याच स्तबकात त्यावर घाव घातला. जी गोष्ट नेहमी नसते, कधीतरीच होते, तिच्या होण्याला कशाची तरी अपेक्षा असलीच पाहिजे, नाहीतर ती सदैव असती किंवा कधीच नसती. हा युक्तिवाद अजून शाबूत आहे. दोन्ही गाठींना तो लागू पडतो: दोन्ही कारणाने झाल्या, कारणावाचून एकही झाली नाही.

पण एकत्र येणे ही तिसरी गोष्ट आहे का, जिला स्वतःचे वेगळे कारण लागते? फ्रेंच गणितज्ञ अंत्वान ओग्युस्तँ कूर्नो यांनी १८४३ मध्ये योगायोगाची जी व्याख्या दिली ती या जागी नेमकी बसते. कारणांच्या दोन स्वतंत्र साखळ्या एका ठिकाणी मिळणे म्हणजे योगायोग. प्रत्येक साखळी अखंड असते, त्यांना जोडणारी तिसरी साखळी नसते. मराठीत कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, संस्कृतात त्याला काकतालीय म्हणतात. कावळा आला त्याला कारण आहे, फांदी मोडली तिला कारण आहे. कावळ्याच्या वजनाने फांदी मोडली असे म्हणणारा चुकतो, आणि कावळ्याला कोणीतरी नेमक्या त्याच क्षणी धाडले असे म्हणणाराही चुकतो.

दुसरी चूक माणसाला फार स्वाभाविक आहे. इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने मध्य आफ्रिकेतल्या अझांदे लोकांवर १९३७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात धान्याच्या कोठाराचे उदाहरण आहे. खांबांवर उभारलेल्या कोठाराखाली लोक दुपारच्या उन्हात सावलीला बसतात, गप्पा मारतात, काहीतरी खेळतात. कधी कोठार कोसळून माणसे जखमी होतात. खांब वाळवीने पोखरले होते हे अझांदेंना पक्के ठाऊक असते. माणसे उन्हामुळे तिथे बसली होती हेही. त्यांचा प्रश्न पुढचा असतो: नेमकी हीच माणसे खाली असताना नेमके तेव्हाच कोठार का पडले? तिथे ते करणी मानतात. या लोकांना अडाणी म्हणून हसायचे कारण नाही. रुग्णालयाच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी दोन्ही गाठींची माहिती नीट समजावून दिल्यावर जो प्रश्न येतो, तो हाच असतो. वाळवी कळली, ऊन कळले, पण आमच्याच माणसावर का?

भारतीय घरात याचे तयार उत्तर कर्म आहे. संचित, प्रारब्ध, क्रियमाण ही विभागणी कीर्तनातून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून अंगवळणी पडलेली असते. भोग म्हटले की प्रश्न मिटतो. या सिद्धान्ताचे बळ खरे आहे. जगात काहीही फुकट जात नाही, दुःख उगाच कोसळत नाही, हा दिलासा तो देतो. परंतु तत्त्वज्ञांनी तो मुख्यतः वेगळ्याच कामासाठी वापरला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो असा आक्षेप आहे, आणि ईश्वर जीवांच्या कर्मांची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो, हे त्याचे उत्तर. शंकराचार्यांचे भाष्य हाच धागा पुढे नेते. तिथे कर्म ईश्वराच्या बचावासाठी उभे आहे. रोगाचे निदान करण्यासाठी ते तिथे आलेले नाही.

निदानासाठी ते वापरले की न्यायशास्त्राच्याच कसोटीवर नापास होते. कारण ठरवायला अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही लागतात: हे असले की ते होते, हे नसले की ते होत नाही. इस्राएलमध्ये किरण मिळालेली मुले आणि न मिळालेली भावंडे यांची तुलना हा व्यतिरेकच होता. मागल्या जन्मीच्या कर्माचा व्यतिरेक कसा दाखवणार? ज्याला दोन गाठी झाल्या त्याचे अदृष्ट, म्हणजे पूर्वकर्माची न दिसणारी शिल्लक, तसले होते, हे त्या गाठींवरूनच कळते. गाठींचा खुलासा अदृष्टाने आणि अदृष्टाचा पुरावा गाठींनी, असा हा फेरा आहे. नैयायिक स्वतः अदृष्टाची गणना काल, दिशा, ईश्वर यांच्यासोबत सर्व कार्यांच्या साधारण कारणांत करतात. जे प्रत्येक कार्याला कारण आहे ते हीच जोडी का झाली हे एकट्याने सांगू शकत नाही. मडक्याची माती वाहून आणणारे गाढव हजर असले, तरी नैयायिक त्याला मडक्याचे कारण मानत नाहीत, अन्यथासिद्ध म्हणून बाजूला काढतात. अदृष्ट मानणाऱ्यानेही ते निदानाच्या वेळी तितक्याच शांतपणे बाजूला काढायला हरकत नसावी.

धर्मपरंपरांत ही सावधगिरी ठिकठिकाणी आहे, फक्त ती घरोघरी पोचलेली नाही. पाली त्रिपिटकातल्या संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की जे जे सुखदुःख माणूस भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात, ते खरे काय. बुद्ध आठ कारणे मोजतो: पित्त, कफ, वात, तिन्हींचा सन्निपात, ऋतुपालट, वेडेवाकडे वागणे, अचानक ओढवलेला आघात, आणि आठवे कर्म. सगळे कर्मावर ढकलणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाला ठाऊक असलेल्या गोष्टींच्या पुढे धावतात, असा त्याचा निवाडा आहे. चरकाच्या विमानस्थानात अग्निवेश हा शिष्य विचारतो की आयुष्य आधीच ठरलेले असते का. त्याचे गुरू आत्रेय यांचे उत्तर असे की ते दैव आणि पुरुषकार यांच्या बलाबलावर अवलंबून असते. सगळे ठरलेलेच असते तर औषधोपचाराला अर्थ उरला नसता आणि हिंस्र पशूंपासून पळायचेही कारण नव्हते. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. पुढे तो त्या अंधत्वाला दैवी प्रयोजन देतो, तो भाग प्रत्येकाला पटेलच असे नाही. दोषारोप मात्र तिथेही फेटाळला गेला आहे.

आधुनिक काळात दैवाची जागा संख्याशास्त्राने घेतली आणि वाद तिथेही थांबला नाही. २०१५ मध्ये क्रिस्टियन तोमासेती आणि बर्ट फोगेलस्टीन यांनी ३१ ऊतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एखाद्या ऊतीतल्या मूलपेशी आयुष्यभरात किती वेळा विभागतात आणि तिथे कर्करोग किती वेळा होतो, यांत घट्ट संबंध निघाला. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. ऊती-ऊतींमधल्या धोक्याच्या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग या चुकांनी समजतो, असे त्यांचे म्हणणे होते. वर्तमानपत्रांनी त्याचे दोन तृतीयांश कर्करोग निव्वळ दुर्दैवाने होतात असे करून टाकले, जे मूळ लेखात नव्हते. लवकरच इतर संशोधकांनी त्यांच्या गणिताच्या पद्धतीवर आक्षेप घेऊन बाह्य कारणांचा वाटा फार मोठा असल्याचे मांडले. फुप्फुसाच्या बाबतीत तंबाखूचा वाटा कोणी नाकारत नाही. मेंदूच्या प्राथमिक गाठींचे चित्र निराळे आहे. आनुवंशिक विकार आणि किरणोत्सार सोडले तर ठामपणे सिद्ध झालेली बाह्य कारणे फारशी नाहीत. बहुसंख्य रुग्णांच्या हातून असे काही घडलेले नसते जे टाळले असते तर गाठ टळली असती.

म्हणून सुरुवातीच्या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी द्यावी लागतात. कारण एक की दोन, याचे उत्तर तपासणीतून येते. रुग्ण तरुण असेल, दोन्ही कानांच्या नसांवर गाठी असतील, त्वचेवर खुणा असतील, घराण्यात लहान वयात कर्करोग झालेले असतील किंवा बालपणी डोक्याला किरण दिले गेले असतील, तर एकच कारण धरून चालावे. रक्ताच्या नात्यातल्या माणसांची तपासणीही तिथे उपयोगी पडते. दोन्ही गाठींची नावे अहवालात स्वतंत्र लिहिली जावीत आणि जास्त घातक गाठीचा उपचार आधी व्हावा. एकत्र का, या प्रश्नाला मात्र साखळ्या जोडणारा दुवा सापडला तरच वेगळे उत्तर असते. दुवा नसेल तर दोन गाठींची दोन पूर्ण उत्तरे शेजारी-शेजारी ठेवली की खुलाशाचे काम संपते, मागे काही शिल्लक राहत नाही. जे राहते ते दुःख, आणि ते सोसायला प्रार्थना, भजन, नामस्मरण यांचा आधार कोणी घेत असेल तर त्याला आडकाठी करण्याचे वैद्यकाला कारण नाही. त्या आधाराने कारणाची जागा घेऊन रुग्णाकडून मागल्या जन्माचा हिशेब मागायला सुरुवात केली की तो आधार राहत नाही.

सत्तरीतल्या बाईंच्या डोक्यात जुना, निरुपद्रवी मेनिंजिओमा आणि नवा ग्लायोब्लास्टोमा एकत्र निघाले आणि वरच्यापैकी एकही खूण नसली, तर तो योगायोग आहे. घरच्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि यात बाईंचा किंवा घरातल्या कोणाचाही दोष नाही, हेही त्याच बैठकीत सांगावे.